ओसाकात कुठे खावं, कुठे प्यावं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ओसाकाला गेलेला जवळजवळ प्रत्येक पर्यटक संध्याकाळी दोतोन्बोरीच्या पुलावर पोहोचतो, ग्लिकोच्या धावपटूच्या फलकासमोर फोटो काढतो आणि तिथल्याच सगळ्यात लांब रांगेच्या दुकानात जेवतो. फोटो जरूर काढा, पण जेवायला तिथून निघा. ओसाकाचे लोक स्वतः खातात ते स्थानकांखालच्या तळघरांत, छपराखालच्या लांबलचक बाजारपेठांत आणि मोठ्या रस्त्यांच्या मागच्या गल्ल्यांत. यातल्या प्रत्येक जागेची एक वेळ ठरलेली आहे. दुपारी तीनला जिथली शटरं खाली असतात, तिथेच सहा वाजता उभं राहायला जागा मिळत नाही. म्हणून पदार्थांची यादी करण्याआधी कोणत्या वेळी कुठल्या भागात असायचं ते ठरवा. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी दोन रेल्वेमार्ग पाठ करा

ओसाकाचा उत्तरेकडचा मध्यवर्ती भाग म्हणजे किता. तिथलं मोठं स्थानक उमेदा, जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या भाषेत ओसाका स्थानक. दक्षिणेकडचा भाग म्हणजे मिनामी, आणि तिथलं नाम्बा. मेट्रोची मिदोसुजी लाइन या दोघांना दहा मिनिटांच्या आत जोडते आणि पुढे दोबुत्सुएन-माए व तेन्नोजीकडे जाते. दुसरा मार्ग जेआरच्या लूप लाइनचा. ओसाका स्थानकाच्या एका बाजूला पहिलंच स्थानक तेन्मा, दुसऱ्या बाजूला पहिलंच फुकुशिमा, आणि तेन्माच्या बाजूने पुढे गेलं की क्योबाशी आणि त्सुरुहाशी. खाण्यापिण्यासाठी तुम्हाला लागणारं जवळजवळ सगळं या दोन मार्गांवर आहे. इकोका हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासी कार्ड घेतलं की तिकिटांचा प्रश्न मिटतो, आणि तेच कार्ड कोनबिनी म्हणजे चोवीस तासांच्या दुकानांतही चालतं. हॉटेल उमेदा किंवा नाम्बापासून चालत जाता येईल असं बघा, कारण शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात आणि टॅक्सी महाग पडते.

हॉटेल ठरवताना नाश्त्याचे जादा पैसे भरू नका. कारण पुढे येईलच.

दाशी समजून घ्या, मग ओसाका समजतं

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, उत्तरेकडच्या होक्काइदोहून निघालेली कितामाएबुने नावाची व्यापारी जहाजं कोम्बु, म्हणजे वाळवलेली जाड समुद्री वनस्पती, ओसाकाच्या बंदरात आणून उतरवत. तांदळाचा देशातला सगळ्यात मोठा बाजारही इथेच, दोजिमाला होता. उत्तम कोम्बु शहरात भरपूर असल्यामुळे इथल्या स्वयंपाक्यांनी तो पाण्यात हळूहळू मुरवून, त्यात कात्सुओबुशि घालून दाशी नावाचं पातळ, सोनेरी पाणी बनवण्याची कला फार पुढे नेली. कात्सुओबुशि म्हणजे ट्यूनाच्या कुळातला कात्सुओ मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून काढलेले पातळ काप. आपल्याकडे फोडणी जशी वरणात, भाजीत आणि कोशिंबिरीतही असते, तशी दाशी इथे सगळीकडे असते: उदोनमध्ये, ओकोनोमियाकी या कोबीच्या जाड धिरड्याच्या पिठात, अंड्याच्या गुंडाळीत, भाजीच्या रश्श्यात. शाकाहारी वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. त्यांच्यासाठी खाली वेगळं आणि जरा लांब लिहिलं आहे.

दाशी तिच्या मूळ चवीत घ्यायची तर पहिल्याच दुपारी कित्सुने उदोन खा: जाड नूडल्स, वर गोडसर शिजवलेला तळलेल्या तोफूचा मोठा तुकडा, आणि तो रस्सा. हा पदार्थ १८९३ साली सुरू झालेल्या उसामितेई मात्सुबायामध्ये जन्मला असं मानतात. हे दुकान मिनामिसेन्बाला, शिन्साइबाशीच्या मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दोतोन्बोरीच्या गोंगाटातच राहायचं असेल तर तिथलं इमाई निवडा. त्या रस्त्यावर मी बिनदिक्कत सुचवेन असं ते मोजक्या जागांपैकी एक आहे. नूडल्स संपल्या तरी वाटीत रस्सा ठेवून उठू नका.

सकाळ: किस्सातेन

किस्सातेन म्हणजे जुन्या वळणाचं कॉफीचं दुकान. लाकडी खुर्च्या, मखमली बैठक, गडद भाजलेल्या बियांची कडक कॉफी. सकाळी साधारण ११ पर्यंत तिथे ‘मोनिंगु’ मिळतं: जाड टोस्ट, उकडलेलं अंडं आणि कॉफी, तेही नुसत्या कॉफीपेक्षा थोडेच जास्त पैसे देऊन. सेन्निचिमाएचं मारुफुकु १९३४ पासून आहे आणि तिथली कॉफी खरोखर घट्ट असते. दोतोन्बोरीजवळचं अमेरिकन १९४६ चं, तिथले हॉटकेक प्रसिद्ध आहेत. दोन्हीकडे अंडं चालणारा शाकाहारी माणूस निर्धास्त बसू शकतो, आणि हॉटेलच्या नाश्त्यापेक्षा इथे शहर जास्त दिसतं: वर्तमानपत्र वाचणारे आजोबा, कामाला जाण्याआधी दहा मिनिटं टेकलेल्या बायका.

कुरोमोन बाजाराबद्दल इथेच सांगून टाकते. निप्पोन्बाशी स्थानकाजवळचा हा मासळी बाजार सुमारे ५८० मीटर लांब आहे आणि सगळ्या मार्गदर्शिकांत त्याचं नाव असतं. पाहायला जा, सकाळी जा. पण तिथे काडीला लावून भाजून देतात ते खेकडे आणि कोलंबी आता मुख्यतः पर्यटकांसाठी आहेत आणि दरही तसेच आहेत. पोट तिथे भरू नका.

दुपार: स्वस्तात उत्तम जेवण्याची वेळ

जपानमध्ये चांगलं खाणं दुपारी सगळ्यात स्वस्त पडतं. रात्री ५,००० येन घेणारी जागा दुपारी १,२०० येनमध्ये तेइशोकु देते: भात, मिसो सूप, लोणचं आणि मुख्य पदार्थ एका ताटात. वेळ मात्र कडक असते. ११:३० ला दार उघडतं, १२ ते १ कार्यालयांतले लोक असतात, दोनला शेवटची ऑर्डर. सव्वा अकराला रांगेत उभं राहा किंवा सव्वा एकला जा.

जागा कुठली? उमेदाला ओसाका एकिमाए नावाच्या चार जुन्या कार्यालयीन इमारती आहेत, क्रमांक १ ते ४. त्यांची तळघरं जमिनीखालून एकमेकांना जोडलेली आहेत आणि त्यांत शेकडो छोटी भोजनगृहं आहेत. पर्यटक इथे फारसे उतरत नाहीत. पावसाळी दिवशी तर याहून सोयीची जागा नाही. शेजारीच, लोहमार्गाच्या कमानींखाली, शिन-उमेदा शोकुदोगाई ही १९५० पासूनची खाऊगल्ली आहे. तिथल्या किजीची ओकोनोमियाकी खाण्यासाठी रांग लागते आणि ती लावण्याजोगी आहे. कोबी आणि पीठ एकत्र कालवून तव्यावर टाकतात, तुम्ही छोट्या उलथन्याने चौकोन कापून खायचं. नूडल्स घातलेली हवी असेल तर मोदानयाकी म्हणा.

सुशीचं ओसाकाशी नातं दोन टोकांचं आहे. एकीकडे लाकडी साच्यात दाबलेली हाकोझुशी. आवाजिमाचीचं योशिनो सुशी १८४१ पासून ती करतं. दुसरीकडे फिरत्या पट्ट्यावरची सुशी. १९५८ साली हिगाशिओसाकातल्या फुसे इथे गेन्रोकु सुशीचे योशिआकी शिराइशी यांनी बिअर कारखान्यातला सरकता पट्टा पाहून ती सुरू केली. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनानंतर ती देशभर पोहोचली. फिरत्या पट्ट्यावर बशीच्या रंगावरून दर कळतो, चहाची पूड आणि गरम पाण्याचा नळ समोरच असतो, आणि बोलावं जवळजवळ काहीच लागत नाही. पहिल्या दिवशीच्या बुजरेपणावर तो चांगला उपाय आहे.

करीसुद्धा खा. नाम्बाच्या जियुकेनमध्ये १९१० पासून करी-भात कालवूनच वाढतात, वर कच्चं अंडं फोडून. जपानमध्ये अंडी कच्ची खाण्यासाठीच तपासून विकतात, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. गेल्या काही वर्षांत मात्र शहरात ‘स्पाइस करी’ची लाट आली आहे: जिरं, वेलची, मोहरी अख्खी दिसते आणि रश्श्यात दाशी असते. आपल्या जिभेला हे आधी अनोळखी वाटतं, मग आवडायला लागतं. किताहामा आणि तानिमाचीच्या बाजूला अशी बरीच छोटी दुकानं आहेत. ती बहुधा फक्त दुपारी उघडतात, आणि भांडं रिकामं झालं की बंद होतात.

बऱ्याच साध्या दुकानांत दारातच तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे टाका, मग चित्राचं बटण दाबा, आलेला कागद काउंटरवर ठेवा. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण बहुतेक वेळा त्या दुकानाच्या खास पदार्थाचं असतं.

चार ते सात: रस्त्यावरचं आणि तळघरातलं

ताकोयाकीची वेळ ही. १९३५ साली ऐझुया या दुकानाने पिठाच्या गोळ्यात ऑक्टोपस घालायला सुरुवात केली. त्यांचे गोळे आजही सॉसशिवाय खायचे असतात, कारण चव पिठातच असते. आधी ते खा, मग सॉस-मेयोनेजचे खा, म्हणजे फरक कळेल. आतला भाग जीभ पोळेल इतका गरम असतो, गोळा काडीने फोडून वाफ जाऊ द्या. चालताचालता खाऊ नका. दुकानासमोर उभं राहून खा आणि रिकामी ताटली तिथेच परत द्या, रस्त्यावर कचराकुंडी सापडणार नाही.

याच वेळी एकदा तरी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जा. उमेदाचं हान्क्यू आणि हान्शिन, नाम्बाचं ताकाशिमाया, तेन्नोजीचं किन्तेत्सु. हान्शिनमध्ये दाबून भाजलेल्या पिठातली माकुळाची पोळी, इकायाकी, उभ्याने खाणाऱ्यांची गर्दी असते. बाकी मजला म्हणजे सुशी, सॅलड, तळण, मिठाई यांचा महासागर. बंद होण्याआधीच्या तासात, साधारण सात वाजल्यापासून, डब्यांवर सवलतीच्या चिकट्या लागायला सुरुवात होते. लहान मुलं बरोबर असतील, पाय थकले असतील, तर दोन-चार डबे घेऊन हॉटेलवर जेवणं हा कमीपणा मुळीच नाही. बांधून नेलेल्या पदार्थांवर ८ टक्के कर लागतो, बसून खाल्लं तर १० टक्के.

संध्याकाळ: कुशिकात्सु आणि उभ्याचे बार

शिन्सेकाई हा भाग त्सुतेन्काकु मनोऱ्याच्या पायाशी आहे. मूळ मनोरा १९१२ चा, सध्याचा १९५६ चा. इथला पदार्थ कुशिकात्सु: मांस, मासा किंवा भाजीचा तुकडा काडीला खोचून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला. १९२९ साली सुरू झालेलं दारुमा सगळ्यात नावाजलेलं आहे, पण जानजान योकोचो या अरुंद गल्लीतली लहान दुकानं मला जास्त आवडतात. सामाईक सॉसचं भांडं असेल तर काडी एकदाच बुडवायची. खाल्लेली काडी परत बुडवणं सगळ्यांच्याच दृष्टीने गलिच्छ. सॉस कमी पडला तर समोरच्या कोबीच्या पानाने घ्या. करोनानंतर बऱ्याच दुकानांनी सॉसच्या बाटल्या ठेवल्या आहेत. एकेक काडी १५० ते २५० येनच्या आसपास असते, त्यामुळे थोडं थोडं मागवत जा.

पण मला एकच संध्याकाळ मिळाली तर मी तेन्माला जाईन. तेन्जिनबाशीसुजी ही सुमारे २.६ किलोमीटरची, देशातली सगळ्यात लांब मानली जाणारी छपराखालची बाजारपेठ. दक्षिणेकडून, मिनामि-मोरिमाचीपासून पाच वाजता चालायला लागा. वाटेत तेन्मांगु देऊळ आहे, कटलरीची, चहाची, जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. नाकामुरायाचे गरम कोरोक्के, म्हणजे बटाट्याचे तळलेले कटलेट, हातात घ्या. सहाच्या सुमारास जेआर तेन्मा स्थानकापाशी पोहोचाल, आणि आजूबाजूच्या गल्ल्या तेव्हाच भरू लागलेल्या असतात.

इथे ताचिनोमी म्हणजे उभ्याने पिण्याच्या जागा भरपूर आहेत. पडदा बाजूला करून आत डोकवा, किती माणसं ते बोटांनी दाखवा, आणि ते दाखवतील तिथे उभे राहा. काही ठिकाणी काउंटरवरच्या वाटीत रोख पैसे ठेवायचे, प्रत्येक वेळी त्यातून ते घेतात. तासाभरात दोन पेयं आणि तीन बशा झाल्या की जागा सोडा आणि पुढच्या दुकानात जा. एका रात्रीत तीन ठिकाणी थोडं थोडं खाणं हीच इथली रीत आहे. एकट्या बाईने जायला हरकत नाही. शेजारचे लोक कुठून आलात विचारतील, आणि ओसाकातले लोक खरंच गप्पिष्ट आहेत.

बसून प्यायची इझाकाया, म्हणजे खाण्यापिण्याचं मद्यगृह, असेल तर बसल्याबसल्या न मागवलेली छोटी वाटी येईल. ती ओतोशी, तिचे ३०० ते ५०० येन बिलात लागतात. तेच बसण्याचे पैसे समजा. आधी पेय सांगायचं, मग पदार्थ. ‘सुमिमासेन’ असं मोठ्याने म्हणून हाक मारणं इथे उद्धटपणाचं नाही. ‘ओसुसुमे वा नान देसु का’ विचारलं की आजचं चांगलं काय ते कळतं. बिलासाठी ‘ओकाइकेई ओनेगाइशिमासु’. टिप कुणालाही देऊ नका. निघताना ‘गोचिसोसामा’ म्हणा, स्वयंपाक्यापर्यंत ते पोहोचतं.

काय प्यावं? पहिली बिअर, हे तर सगळेच करतात. त्यानंतर ओसाका प्रांतातलीच साके, म्हणजे तांदळाची दारू, मागा: नोसे गावची आकिशिका किंवा इकेदाची गोशुन. १९९७ पासूनची मिनोओ बिअरही याच प्रांतातली, तिची स्वतःची बिअर बेली नावाची मद्यगृहं शहरात आहेत. व्हिस्की आवडणाऱ्यांनी सनतोरीची यामाझाकी डिस्टिलरी पाहावी. १९२३ साली तिचं काम सुरू झालं. ती ओसाका-क्योतो मार्गावर, जेआर यामाझाकीहून चालत दहा मिनिटांवर आहे. आधी आरक्षण केल्याशिवाय आत जाता येत नाही, म्हणून तिकिटं काढल्याबरोबर त्याच्या मागे लागा. दारू न पिणाऱ्यांनी ऊलॉन्ग चहा मागवावा, कुणी भुवया उंचावत नाही. शिन्सेकाईच्या सेन्नारियाचा मिक्स ज्यूस तर चुकवूच नका, दूध घालून घुसळलेल्या फळांचा हा ओसाकाचा स्वतःचा प्रकार. मद्यपानाचं कायदेशीर वय २० आहे, तरुण दिसत असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा. रस्त्यावर सिगारेट ओढायला जानेवारी २०२५ पासून शहरभर बंदी आहे, दंड १,००० येन.

एक गोष्ट निक्षून सांगते. रात्री मिनामीच्या रस्त्यांवर किंवा उमेदाजवळ कुणी हसतमुखाने ‘इकडे या, स्वस्त आहे’ म्हणत मागे लागला, तर त्याच्याबरोबर जाऊ नका. चांगल्या जागेला गिऱ्हाईक ओढायला माणूस लागत नाही. किताशिन्ची या उमेदाजवळच्या महागड्या बारवस्तीतल्या दरपत्रक नसलेल्या बारपासूनही लांब राहा.

शाकाहारी असाल तर

अडचण खरी आहे, पण उपाशी राहावं लागत नाही. ‘बेजितारियन’ एवढंच म्हटलं तर मांसाचे तुकडे काढून देतील आणि माशाचा रस्सा तसाच राहील. म्हणून पूर्ण सांगा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशि मो दामे देसु.’ म्हणजे मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही. अंडं-दूध चालत असेल तर ‘तामागो तो ग्यून्यू वा दाइजोबु देसु’ जोडा. हे जपानी लिपीत लिहून फोनवर ठेवा आणि दार उघडताच दाखवा, बसल्यावर नको. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. खोटं हो म्हणण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

पाकिटबंद खाण्यात एक फसगत होते. जपानमध्ये अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोलंबी, खेकडा आणि अक्रोड हे घटक ठळकपणे छापणं सक्तीचं आहे. कात्सुओ त्या यादीत नाही. त्यामुळे ॲलर्जीचा तक्ता पाहून पदार्थ शाकाहारी ठरवू नका. फोनच्या कॅमेऱ्याने पूर्ण घटकसूची भाषांतरित करून वाचा.

इझाकायात चालणाऱ्या गोष्टी: एदामामे म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, थंड तोफू, मिठावर भाजलेल्या मिरच्या आणि मश्रूम. तोफू आणि मिरच्यांवर कात्सुओबुशि भुरभुरतात, म्हणून ‘कात्सुओबुशि नाशि दे’ सांगा. टेम्पुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या, घेतलात तर रश्श्याऐवजी मीठ मागा. कुशिकात्सुच्या भाज्या मात्र मांस-माशांच्याच तेलात तळतात, आणि ते तेल कधी प्राण्याच्या चरबीचंही असतं. ते चालत नसेल तर ती संध्याकाळ सोडून द्या. फिरत्या सुशीत काकडीचा काप्पामाकी आहे. कोको इचिबान्या या करीच्या साखळीच्या अनेक शाखांत प्राणिज घटकांशिवायची भाज्यांची करी मिळते. होझेन्जी योकोचो या दगडी गल्लीतलं मेओतो झेन्झाई तर सगळ्यांसाठीच आहे: अझुकी या लाल कडधान्याची गोड खीर, एका माणसाला दोन वाट्या. शेजारी शेवाळाने पूर्ण हिरवा झालेला फुदो देव आहे, त्याच्यावर पाणी घालून मग जा.

एक दिवस हाताशी असेल तर नाम्बाहून नान्काई गाडीने कोयासान या बौद्ध मंदिरांच्या डोंगरावर जा आणि मंदिरात मुक्काम करा. तिथल्या शोजिन, म्हणजे भिक्षूंच्या, जेवणात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही, आणि दाशी कोम्बु व शिइताके मश्रूमची. तिळाचा तोफू आणि गोठवून वाळवलेला कोया तोफू तिथलाच. जैन किंवा घरच्या वळणाचं जेवण हवं असेल तर कोबेचा कितानो भाग बघा. जेआरच्या वेगवान गाडीने तिथलं सान्नोमिया स्थानक अर्ध्या तासाच्या आत येतं. मोत्यांच्या आणि कापडाच्या व्यापारासाठी स्थिरावलेली भारतीय कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, १९८५ सालचं जैन मंदिर आहे आणि भारतीय उपाहारगृहंही.

उरलेलं थोडक्यात

मांसाहारींनी एक रात्र त्सुरुहाशीसाठी ठेवावी. स्थानकातून उतरताच याकिनिकुचा, म्हणजे जाळीवर भाजल्या जाणाऱ्या मांसाचा, धूर येतो, आणि पंधरा मिनिटं चाललं की कोरियन वस्ती. रोख पैसे जवळ ठेवा, छोटी दुकानं कार्ड घेत नाहीत. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये परदेशी कार्डं चालतात. जागा शोधताना ताबेलोग या भोजनगृहांना गुण देणाऱ्या जपानी संकेतस्थळावर पाहात असाल तर तिथे जपानी लोक गुण फार हात राखून देतात हे ध्यानात घ्या: ३.५ म्हणजे उत्कृष्ट, ३.२ मध्येही छान जेवण होतं. वर्षअखेरीपासून ३ जानेवारीपर्यंत आणि ऑगस्टच्या मध्यात ओबोन या पूर्वजांच्या सणाला छोटी दुकानं बंद असतात.

परतीच्या दिवशी कानसाई विमानतळाची नान्काई गाडी नाम्बाहून सुटते, आणि ताकाशिमाया त्याच स्थानकाला लागून आहे. तासभर आधी पोहोचा. तळघरात कोम्बुच्या दुकानात वाळलेला मा-कोम्बु आणि शिओ-कोम्बु, म्हणजे खारवलेले कोम्बुचे काप, घ्या. वजनाला हलके असतात, महिनोन्‌महिने टिकतात, आणि शिओ-कोम्बु चिरलेल्या कोबीवर तिळाच्या तेलासोबत चोळला की तेन्माच्या काउंटरवरची बशी घरी तयार होते.